क्षमा, कारणांसह

१. एका सहीने शिक्षा रद्द कशी होते?

दयेच्या अर्जाची बातमी वर्तमानपत्रात आली की एक प्रश्न हमखास निघतो. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. एवढे सगळे झाल्यावर ती शिक्षा एका माणसाच्या सहीने कशी काय रद्द होते? आणि तशी होत असेल तर न्यायालये हवीत कशाला?

हा अधिकार राजेशाहीच्या काळातला आहे. न्याय राजाच्या नावाने होई, म्हणून शिक्षा माफ करण्याचा हक्कही राजाचाच. पुढे राजे गेले, पण लोकशाही देशांनी हा अधिकार जाणूनबुजून राखला. न्यायाधीशांच्या हातूनही चुका होतात, आणि चूक उघड होईपर्यंत कधी कधी अपिलाच्या सगळ्या पायऱ्या संपलेल्या असतात. त्यानंतरही कुठेतरी दाद मागता यावी, हा त्यामागचा विचार. आपल्या राज्यघटनेने कलम ७२ ने हा अधिकार राष्ट्रपतींना आणि कलम १६१ ने राज्यपालांना दिला आहे. आपले राज्यपाल तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. अमेरिकेतल्या राज्याच्या गव्हर्नरचे तसे नाही. त्याला जनता थेट निवडून देते, आपल्या मुख्यमंत्र्याप्रमाणे राज्याचा कारभार तोच चालवतो, आणि १८९३ साली इलिनॉय राज्यात क्षमेचा निर्णयही त्याचा एकट्याचा असे. त्यात दुसरा कुणी वाटेकरी नव्हता.

त्या साली तिथे गव्हर्नर होता जॉन पीटर ऑल्टगेल्ड. त्याने तीन कैद्यांना सोडले आणि त्यामुळे त्याचे राजकीय आयुष्य संपले, असे त्याच्याबद्दल सहसा सांगतात. मला हे अर्धेच खरे वाटते. कैदी सोडल्याबद्दल लोकांनी त्याला माफ केले असते. ते का सोडले हे त्याने लिहून काढले, आणि ते मात्र त्याला शेवटपर्यंत भोवले.

२. ओहायोतल्या शेतावरून

ऑल्टगेल्डचा जन्म ३० डिसेंबर १८४७ चा, जर्मनीतल्या नासाउ संस्थानातल्या एका खेड्यातला. तो काही महिन्यांचा असताना आईबाप अमेरिकेत आले आणि ओहायो राज्यात मॅन्सफील्डजवळ शेती करू लागले. शाळा तुटक-तुटकच झाली. १८६४ साली, सोळाव्या वर्षी, तो यादवी युद्धात लिंकनच्या बाजूने सैन्यात गेला. तिथे जडलेला ताप त्याला जन्मभर अधूनमधून छळत राहिला. परत आल्यावर काही दिवस शिक्षकी, मग पायी पश्चिमेची वाट, रेल्वेच्या कामावर मजुरी, आणि मिझूरी राज्यात वकिलांच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास. १८७४ मध्ये तो तिथल्या एका जिल्ह्याचा सरकारी वकील म्हणून निवडून आला, पण वर्षभरातच राजीनामा देऊन शिकागोला गेला. त्या वाढत्या शहरात जमिनी आणि इमारतींच्या व्यवहारात त्याने मोठी संपत्ती मिळवली.

श्रीमंत झालेला हा माणूस १८८४ साली तुरुंगांवर पुस्तक लिहितो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुस्तकाचे म्हणणे सरळ होते. तुरुंगात सापडणारी बहुतेक माणसे गरीब असतात. किरकोळ गुन्ह्यात दंड भरायला पैसे नाहीत, म्हणून ती आत जातात, आणि बाहेर येतात ती गुन्हेगारीत मुरलेली. पैसेवाला आणि बिनपैशाचा एकाच गुन्ह्याची सारखी शिक्षा भोगत नाहीत. पुस्तकाच्या प्रती त्याने न्यायाधीशांना आणि आमदारांना पाठवल्या. ओहायोतल्या एका लहान गावात क्लॅरेन्स डॅरो नावाच्या तरुण वकिलाने ते वाचले. तो पुढे शिकागोला आला आणि ऑल्टगेल्डचा जन्माचा मित्र झाला. अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला फौजदारी वकील म्हणून ज्याला पुढे जग ओळखू लागले, तोच हा डॅरो.

१८८६ मध्ये ऑल्टगेल्ड शिकागोत न्यायाधीश म्हणून निवडून आला (तिथे न्यायाधीशही निवडणुकीने येत), आणि १८९२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे गव्हर्नर. परदेशात जन्मलेला इलिनॉयचा तो पहिला गव्हर्नर. यादवी युद्धानंतर त्या पक्षाला ही जागा प्रथमच मिळाली होती.

३. हेमार्केटची रात्र

त्याच्या टेबलावर वाट पाहत असलेले प्रकरण सात वर्षांपूर्वीचे होते.

कामाचा दिवस आठ तासांचा हवा, या मागणीसाठी १ मे १८८६ पासून अमेरिकाभर संप सुरू झाले. शिकागो हे त्यांचे मुख्य केंद्र. आपण कामगार दिन पाळतो तो याच तारखेचा. १८८९ साली पॅरिसला जमलेल्या समाजवाद्यांनी तो जगभर पाळायचे ठरवले. महाराष्ट्र राज्यही १९६० साली याच दिवशी जन्माला आले, त्यामुळे आपल्याकडे ही तारीख दुहेरी अर्थाने लक्षात राहते.

३ मे रोजी मॅकॉर्मिक यंत्र कारखान्याच्या दारात पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. त्याच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमार्केट चौकाजवळ सभा झाली. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः तिथे जाऊन आले आणि सभा शांततेत चालली आहे, असे त्यांनी पोलिसांना सांगितले. पाऊस सुरू झाला, गर्दी पांगली, शेवटचा वक्ता बोलत होता. अशा वेळी इन्स्पेक्टर जॉन बॉनफील्ड पावणेदोनशेच्या आसपास पोलीस घेऊन सभा मोडायला निघाला. कुणीतरी बॉम्ब फेकला. पोलिसांनी अंधारात गोळीबार केला. पोलिसांपैकी सात जण त्या रात्री किंवा पुढे जखमांनी मेले. नागरिकही मेले, पण त्यांची नीट मोजदादसुद्धा झाली नाही.

बॉम्ब कुणी फेकला, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

खटला चालला आठ जणांवर : ऑगस्ट स्पाईज, अल्बर्ट पार्सन्स, अडॉल्फ फिशर, जॉर्ज एंगेल, लुई लिंग, सॅम्युएल फील्डन, मायकेल श्वाब आणि ऑस्कर नीबी. ते अराज्यवादी होते. म्हणजे सरकार ही संस्थाच जुलमी आहे, ती नसावी, असे मानणारे. त्यांच्या लिखाणात आणि भाषणांत डायनामाइटची भाषा सर्रास असे, हे झाकण्यात अर्थ नाही. सात जणांना फाशी आणि नीबीला पंधरा वर्षे, असा निकाल लागला. फील्डन आणि श्वाब यांची फाशी तेव्हाच्या गव्हर्नरने जन्मठेपेवर आणली. लिंगने कोठडीत आत्महत्या केली. उरलेल्या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर चढवले.

४. चिथावणीचा गुन्हा कसा सिद्ध होतो?

इथे कायद्यातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचे सगळे निव्वळ भावनेचे वाटेल.

स्वतः गुन्हा न करता तो करायला लावणाराही गुन्हेगार ठरतो. हे तत्त्व सगळीकडे आहे आणि योग्यच आहे. पण त्यासाठी साखळी जोडून दाखवावी लागते. समजा, ‘क’ ने सभेत सांगितले की सावकारांची घरे जाळा. महिन्याभराने एका सावकाराचे घर जळाले. ‘क’ ला शिक्षा द्यायची तर आधी घर कुणी जाळले ते कळले पाहिजे. समजा ते ‘ख’ ने जाळले. मग ‘ख’ ने ‘क’ चे भाषण ऐकले होते किंवा वाचले होते, आणि त्यावरूनच हे कृत्य केले, हे दाखवावे लागेल. ‘ख’ ने भाऊबंदकीच्या जुन्या वैरातून घर जाळले असेल तर ‘क’ चे भाषण कितीही वाईट असो, त्या आगीचा गुन्हा त्याच्या माथी येत नाही. आणि ‘ख’ कोण हेच माहीत नसेल तर साखळीचे पहिलेच कडे हातात नाही.

हेमार्केट खटल्यात नेमके तेच होते. बॉम्ब टाकणारा माहीत नाही, तेव्हा त्याने या आठ जणांचे काय वाचले आणि काय ऐकले, हेही माहीत असणे शक्य नाही. तरीही त्यांनी हिंसेचा प्रचार केला आणि हिंसा घडली, एवढे न्यायाधीश जोसेफ गॅरी यांनी पुरेसे मानले.

दुसरा प्रश्न ज्युरीचा. अमेरिकेत आरोपी दोषी की निर्दोष हे बारा सामान्य नागरिक ठरवतात, आणि त्यांची नावे चिठ्ठ्या टाकून निघावीत अशी रीत. या खटल्यात मात्र माणसे शोधून आणायचे काम एका खास बेलिफाकडे सोपवले गेले. जवळजवळ हजार जणांची चौकशी होऊन बारा निवडले गेले. आपले मत आधीच आरोपींविरुद्ध झाले आहे, असे काहींनी उघड सांगितले. तरी न्यायाधीशांनी फिरवून फिरवून प्रश्न विचारून ‘पुराव्यावरच निर्णय देण्याचा प्रयत्न करू’ असे त्यांच्याकडून वदवून घेतले आणि त्यांना बसवले.

५. २६ जून १८९३

ऑल्टगेल्ड गव्हर्नर झाला तेव्हा तुरुंगात तिघे उरले होते : फील्डन, श्वाब, नीबी. त्यांना सोडावे म्हणून हजारो सह्यांचे अर्ज आले होते, आणि त्यात शिकागोतले बँकवाले, वकील आणि व्यापारीही होते. बहुतेकांचा सूर एकच : झाले ते झाले, शिक्षा पुरेशी भोगून झाली, आता दया दाखवावी. डॅरो तर उतावळा होऊन मित्राच्या मागे लागला होता. ऑल्टगेल्डने घाई केली नाही. त्याने खटल्याची कागदपत्रे मागवली आणि महिनोन्‌महिने वाचली.

मग २६ जूनला त्याने तिघांनाही बिनशर्त मुक्त केले, आणि सोबत छोट्या पुस्तकाएवढे निवेदन प्रसिद्ध केले. त्याचा पवित्राच वेगळा होता. ही माणसे दोषी असतील, खटला रीतसर झाला असेल, तर शिक्षा पुरेशी झाली म्हणून मी त्यांना सोडणार नाही. प्रश्न दयेचा नाही, खटला न्यायाने झाला का याचा आहे. आणि तो न्यायाने झाला नाही, हे त्याने कागदोपत्री मांडले. ही माणसे फासावर जातील अशीच ज्युरी आपण आणतो आहोत, असे तो बेलिफ म्हणाल्याचे एका व्यापाऱ्याचे प्रतिज्ञापत्र त्याने दिले. ज्युरीतल्या माणसांची स्वतःची उत्तरे उतरवून दिली. नीबीविरुद्ध पुरेसा पुरावा नाही, असे सरकारी वकील खटला चालू असतानाच बोलले होते, हे महापौरांच्या पत्राने दाखवले. बॉम्ब टाकण्यामागे कट नसून पोलिसांच्या आधीच्या लाठीमाराचा आणि गोळीबाराचा कुणीतरी एकट्याने घेतलेला सूड असण्याचा संभव अधिक, असेही त्याने लिहिले. त्यात बॉनफील्डचे नाव होते. न्यायाधीश गॅरींचेही होते.

वाण्याची उधारी थकली आणि त्याने ‘जाऊ दे, गरीब आहे’ म्हणून बाकीवर काट मारली, तर गाव त्याला भला माणूस म्हणते. पण गावातल्या कुणी वही तपासून ‘ही नोंदच खोटी आहे, हा माणूस काही देणे लागतच नव्हता’ असे चारचौघांत सांगितले, तर वाणी उधारीबद्दल बोलत नाही, आपल्या अब्रूबद्दल बोलतो. आणि त्या वहीवर आजवर ज्यांनी विश्वास ठेवला, ते सगळे त्याच्या बाजूने उभे राहतात. शिकागोत हेच घडले. दया मागणारे प्रतिष्ठित लोक एका दिवसात पाठ फिरवून गेले. दयेत त्यांचे काही जात नव्हते. पण खटलाच अन्यायाचा होता म्हटले, की फाशी गेलेल्या चौघांचे काय, हा प्रश्न पुढे उभा राहत होता. न्यायाधीशांना, पोलिसांना आणि त्यांची तरफदारी करणाऱ्या वर्तमानपत्रांना त्याचे उत्तर द्यावे लागले असते.

वर्तमानपत्रे तुटून पडली. याच्या अंगात अमेरिकन रक्ताचा थेंब नाही, हा स्वतःच अराज्यवादी आहे, असे लिहिले गेले. व्यंगचित्रांत त्याच्या हातात मशाल आणि सुरा आला. ठिकठिकाणी त्याचे पुतळे जाळले.

गॅरींबद्दलचा मजकूर त्याने जरा थंड डोक्याने लिहायला हवा होता, असे मलाही वाटते. त्या कडवट ओळींनी टीकाकारांना आयते निमित्त दिले, आणि पुराव्यावर बोलण्याऐवजी लोक गव्हर्नरच्या रागावर बोलत राहिले. पण तो मजकूर बाजूला ठेवला तरी ज्युरी आणि पुरावा यांबद्दलचे मुद्दे जागचे हलत नाहीत.

६. कारखान्याच्या दारात

एवढे वादळ उठलेले असताना त्याचे रोजचे काम थांबले नव्हते, आणि ते कामही पाहण्यासारखे आहे. १८९३ मध्येच इलिनॉयने कारखाना कायदा केला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला लावायला बंदी झाली आणि स्त्रियांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा आली. कायदा कागदावर राहू नये म्हणून बारा तपासनिसांचे खाते उघडले. मुख्य तपासनीस म्हणून ऑल्टगेल्डने नेमली फ्लॉरेन्स केली. शिकागोच्या गरीब वस्तीतल्या ‘हल हाऊस’ या समाजसेवा केंद्रात राहून तिने घरोघरच्या शिवणकामाची पाहणी केली होती. एवढ्या मोठ्या सरकारी जागेवर बाई नेमणे तेव्हा नवलाचे होते. राज्याच्या विद्यापीठाला त्याने पूर्वी कधी न मिळालेला पैसा दिला. ट्राम आणि गॅस कंपन्यांची मक्तेदारी पक्की करणारी विधेयके १८९५ मध्ये विधिमंडळाने संमत केली, ती त्याने नकाराधिकार वापरून परत पाठवली.

सुधारक म्हणून तो निष्कलंक होता असे मात्र नाही. आधी सत्तेवर असलेल्या पक्षाच्या माणसांना, त्यांतल्या लायक माणसांनाही, काढून त्याने आपल्या पक्षाची माणसे भरली. त्या काळची रीत म्हणून ते सोडून देणे मला पटत नाही.

७. पुलमन संप : सैन्य कुणी बोलवायचे?

जॉर्ज पुलमन रेल्वेचे शयनयान डबे बनवी. शिकागोच्या दक्षिणेला त्याने कामगारांसाठी आपल्या नावाचे गाव वसवले होते. घरे कंपनीची, दुकानांच्या जागाही कंपनीच्याच. १८९३ च्या मंदीत त्याने मजुरी सरासरी पाव हिश्शाने कमी केली, पण घरभाडे तेवढेच ठेवले. याचा अर्थ काय होतो ते मांडून पाहू. समजा, एखाद्याला पंधरवड्याला २० डॉलर मिळत आणि ७ डॉलर भाडे जाई. हातात १३ राहत. मजुरी १५ झाली, भाडे ७ च राहिले, तर हातात ८. मजुरी घटली २५ टक्के, पण पोटाला उरणारा पैसा घटला ३८ टक्के.

११ मे १८९४ रोजी संप झाला. जूनअखेर युजीन डेब्ज याच्या रेल्वे कामगार संघटनेने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवायला नकार दिला आणि शिकागोपासून पश्चिमेकडची वाहतूक ठप्प झाली. केंद्राचा महान्यायवादी रिचर्ड ऑल्नी हा पूर्वी रेल्वे कंपन्यांचाच वकील. त्याने न्यायालयाकडून संपाविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. जुलैच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी शिकागोत लष्कर उतरवले. गव्हर्नरला कुणी विचारलेसुद्धा नाही.

अमेरिकेच्या राज्यघटनेत सोय अशी आहे : राज्यात अंतर्गत दंगल झाली तर विधिमंडळाने किंवा गव्हर्नरने मागणी केल्यावर केंद्राने मदत करायची. ऑल्टगेल्डने तारेने कळवले की राज्याकडे स्वतःचे सशस्त्र दल तयार आहे, ते कुणी मागितलेले नाही, आणि गाड्या थांबल्या आहेत त्या दंगलीने नव्हे, चालवायला माणसे नाहीत म्हणून. क्लीव्हलंड यांचे उत्तर त्रोटक होते : टपालात अडथळा येतो आहे, न्यायालयाचा हुकूम मोडला जातो आहे, केंद्राचे कायदे राबवायला राज्याची परवानगी लागत नाही. मोठी जाळपोळ झाली ती लष्कर आल्यानंतर, आणि गोळीबारात डझनभर माणसे गेली. १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने केंद्राच्या बाजूने कौल दिला. डेब्जला सहा महिने तुरुंग झाला.

ऑल्टगेल्ड आणि क्लीव्हलंड एकाच पक्षाचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या तारांमधली धार कळते. ऑगस्टमध्ये ऑल्टगेल्ड स्वतः पुलमन गावात गेला, उपाशी कुटुंबे पाहिली आणि कंपनी मदत करत नाही म्हटल्यावर जनतेला मदतीचे आवाहन केले.

८. पडझड, आणि नंतर

१८९६ साली शिकागोत भरलेल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनावर ऑल्टगेल्डची छाप होती. पक्षाने आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या धोरणाविरुद्ध जाहीरनामा केला, आणि न्यायालयीन मनाई हुकमांनी संप मोडण्याचा त्यात निषेध केला. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला विल्यम जेनिंग्ज ब्रायन. ऑल्टगेल्डचा जन्म परदेशातला, त्यामुळे त्या जागेचा विचार त्याला करताच येत नव्हता. नोव्हेंबरमध्ये ब्रायन हरला आणि इलिनॉयमध्ये ऑल्टगेल्डही जॉन टॅनरकडून हरला. मावळत्या गव्हर्नरने निरोपाचे चार शब्द बोलायची प्रथा होती. ती संधीही त्याला दिली नाही.

त्याने उभारलेली सोळा मजली ‘युनिटी’ इमारत कर्जात गेली. १८९९ मध्ये तो शिकागोच्या महापौरपदासाठी स्वतंत्र उभा राहिला आणि पडला. डॅरोने त्याला आपल्या वकिली कचेरीत घेतले. मार्च १९०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांच्या बाजूने सभा होती, तिथे बोलून झाल्यावर तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी, १२ मार्चला, चौपन्नाव्या वर्षी गेला. अंत्यविधीला डॅरो आणि हल हाऊसची जेन ॲडम्स बोलले. हजारो माणसे रांगा लावून अंत्यदर्शन घेऊन गेली.

त्याच्या कायद्यांचे काय झाले? स्त्रियांसाठीची आठ तासांची मर्यादा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्येच रद्द केली. करार करण्याच्या स्वातंत्र्यावर ती घाला घालते, असे त्यांचे कारण. फ्लॉरेन्स केलीला टॅनरने काढले आणि तिच्या जागी अशा माणसाला बसवले, जो बालमजूर वापरणाऱ्या एका मोठ्या काचकारखान्यात वर्षानुवर्षे नोकरीला होता. केली न्यूयॉर्कला गेली, ग्राहक संघटना बांधली, आणि तिच्या सहकाऱ्यांनी गोळा केलेल्या माहितीच्या बळावर १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगॉन राज्याची स्त्रियांसाठीची दहा तासांची मर्यादा मान्य केली. दोन वर्षांनी इलिनॉयच्या न्यायालयानेही तसाच कायदा वैध ठरवला. संपाविरुद्धच्या मनाई हुकमांना केंद्रीय कायद्याने आळा बसायला १९३२ साल उजाडावे लागले, आणि तो कायदा करणारे दोन्ही खासदार, नॉरिस आणि ला गार्डिया, रिपब्लिकन पक्षाचे होते.